भीमेतल्या माशांची पहिली नोंद

कुरकुंभ म्हटलं की आज फिरंगाई देवीच्या देवळाइतकीच रासायनिक कारखान्यांची वसाहत आठवते. पाण्याचा विषय निघाला की विहिरी, बोअर आणि प्रयोगशाळेचे अहवाल पुढे येतात. पण उत्तरेला दौंडजवळून वाहणाऱ्या भीमेची शास्त्रीय पाहणी इथे एमआयडीसी येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी झाली होती.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. लोकसंख्या, पिकं, हवामान यांची मोजदाद करता करता त्यानं पक्षी आणि मासेही टिपले. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर निबंध मांडला. त्यात काही जातींचं ठिकाण ‘भीमा नदी, पैरगाव’ असं दिलेलं आहे. दौंड तालुक्यात भीमेकाठी पारगाव आहे, पलीकडे श्रीगोंद्याच्या हद्दीत पेडगाव आहे. कुठलंही धरलं तरी नोंद याच टापूची.

साइक्सनं लोकांच्या तोंडची नावं टाकून दिली नाहीत, हे त्याचं मोठं काम. खुदरी, शिंगटी, मळ्या, नुक्ता ही नावं थोड्याफार फरकानं आजही मत्स्यशास्त्राच्या जागतिक याद्यांत आहेत. ती ज्यांनी सांगितली, त्या जाळं टाकणाऱ्यांची नावं मात्र कुठे उरली नाहीत.

यातला खुदरी म्हणजे महसीर. साइक्सनं त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. हेच पाणी पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळतं. महसीरला दगडगोट्यांचा तळ आणि प्राणवायूनं भरलेलं वाहतं पाणी लागतं. पुण्याखालच्या पात्रात आज शहराचं सांडपाणी उतरतं. १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी, टाटांच्या केंद्रात, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महसीरचं कृत्रिम प्रजनन करून बोटुकली वाढवली. एकेकाळी जाळ्यात सहज येणाऱ्या माशासाठी एवढा खटाटोप करावा लागला.

पुण्याच्या माशांची मोजणी पुढेही होत राहिली. १९४२ मध्ये फ्रेझर तसंच होरा आणि मिश्रा यांनी, १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांनी याद्या प्रसिद्ध केल्या. अशा याद्या शेजारी ठेवल्या की कुठली जात कधीपासून दिसेनाशी झाली, हे कळू लागतं.

मधल्या काळात भीमाच बदलली. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भिगवणच्या परिसरात वाहत्या नदीचा जलाशय झाला. आज तिथल्या मासळी बाजारात मूळची आफ्रिकेतली चिलापी ढिगानं दिसते.

पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासला की त्या दिवसाची अवस्था समजते. सोडलेलं रसायन दोन दिवसांत वाहून गेलं तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. पात्रातच राहणारे मासे, शिंपले, किडे त्या मधल्या दिवसांचीही साक्ष देतात. म्हणून कुरकुंभच्या ओढ्यांपासून भीमेपर्यंत रासायनिक तपासणीबरोबर जीवांचीही मोजणी ठरावीक काळानं व्हायला हवी, आणि ती करताना नदीवर जाळं टाकणाऱ्यांना सोबत घ्यायला हवं. तुलनेसाठी साइक्सची यादी हाताशी आहेच.