गिरणीच्या भिंतीवरचा पिंपळ

बंद पडलेल्या कारखान्यांची छायाचित्रे हल्ली पुष्कळ निघतात. फुटलेली तावदाने, गंजलेले साचे, भिंतीतून डोकावणारा पिंपळ. आणि खाली ठरलेली ओळ, की निसर्गाने आपली जागा परत घेतली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण गिरणगावातच झाले, आणि त्या ओळीशी आमचे भांडण आहे.

कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला काढली. १८५६ साली तिच्या चात्या फिरू लागल्या. पिंपळ तेव्हाही होतेच. पाखराच्या विष्ठेतून बी विटांच्या सांध्यात पडते, चुन्याला ओल मिळाली की रुजते. चालत्या गिरणीत असले रोप डागडुजीच्या वेळी उपटले जाते, सांधा पुन्हा भरला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढील वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि रोप उपटणारा हातही गेला. तेव्हा भिंतीवरचा मनगटाएवढा पिंपळ हा प्रथम मस्टर बंद झाल्याचा दाखला आहे. निसर्गाचा विजय वगैरे मागाहून पाहू.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख वस्ती होती, २०१० साली ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. पॅकार्डच्या कारखान्यातून मोटारी निघणे १९५६ साली थांबले. पण ती अवाढव्य इमारत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ उभी राहिली, कारण तिथल्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हते. अशा शहरांत कामिलो होसे वेर्गारा हा चिली देशात जन्मलेला छायाचित्रकार वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यांवर परत जाऊन चित्रे घेत आला. आम्हांला ही रीत पटते. एकटे चित्र नुसता देखावा असते. तारखांनिशी दहा चित्रे ओळीने लावली, की हिशेब मांडता येतो.

मुंबईत ही रीत वापरली तर हिशेब निराळा निघेल. येथे पिंपळाला सवडच थोडी. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर! १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे केले होते: एक महापालिकेकडे बागा-मैदानांसाठी, एक स्वस्त घरांसाठी, उरलेला मालकाकडे. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतींखालची त्यातून वगळली. गिरणीत इमारतीच जास्त, मोकळे अंगण किती असणार? बागेचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. म्हणजे भिंत पाडताना पिंपळ गेला, आणि कायद्याने यावयाची झाडेही बहुतांशी आली नाहीत.

आमच्या वस्तीतली मुले हातातल्या फोनवर चित्रे काढतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की गिरणीच्या दरवाजासमोर दर वर्षी त्याच ठिकाणी उभे राहा. टोलेजंग इमारत आली तरी जागा सोडू नका. चित्राखाली गिरणीचे नाव, ती कधी बंद झाली ते साल, आणि तेथे किती माणसे कामाला होती तो आकडा लिहा. पिंपळाचे चित्रही जरूर घ्या. त्याच्या शेजारी त्या खात्यात राबलेल्या म्हाताऱ्याला उभा करा, तो अजून चाळीतच राहतो.