प्रणयवाचक उसने शब्द : ‘इष्क’ आणि ‘फिदा’

एका भाषेने दुसरीकडून शब्द उसना घेतला म्हणजे त्या अर्थाचा स्वतःचा शब्द तिच्यापाशी नव्हता, असे सामान्यतः समजले जाते. शासन, शस्त्रे, वस्त्रे यांच्या नावांपुरते हे अनुमान बरेचसे टिकते. प्रणयवाचक शब्दांना मात्र ते लागू पडत नाही.

इंग्रजीत ‘लव्ह’ हा शब्द प्राचीन काळापासून होता. तरीही १०६६ मधील नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत फ्रेंचमधून ‘अमूर’ आणि त्यापासून साधलेले ‘एनॅमर’ हे क्रियापद तिने स्वीकारले. ‘लव्ह’ हा शब्द ईश्वर, माता, मित्र, प्रिया अशा सर्वांनाच पुरत असे. ‘अमूर’ पुढे चोरट्या प्रणयापुरता उरला आणि ‘एनॅमर्ड’ने भाळलेल्या मनुष्याची अवस्था दाखविली.

मराठीचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही. ‘प्रेम’ हा शब्द संतांनी भक्तीकडे नेला होता आणि ‘माया’ घरातील वात्सल्याकडे गेली होती. उत्तर पेशवाईतील शाहिरांना शृंगारासाठी यांहून मोकळा शब्द हवा होता. तो त्यांना फारसीच्या द्वारे आलेल्या अरबी शब्दांत सापडला. ‘इश्क’मधील मूळ कंठ्य ध्वनी लोपला, ‘क’ साधा झाला आणि ‘शुष्क’सारख्या शब्दांच्या वळणावर ‘इष्क’ असे लेखन रूढ झाले. ‘आशिक’चा ‘आशक’ झाला. ‘फिदा’चा मूळ अर्थ सुटकेसाठी दिलेले मोल असा आहे. मराठी मनुष्यास तो परका वाटला नाही, कारण जीव ओवाळून टाकण्याची कल्पना त्याच्या परिचयाची होती.

या शब्दांना व्याकरणही मराठीच मिळाले. इंग्रजीतील ‘एनॅमर्ड’पुढे येणारे ‘ऑव्ह’ हे अव्यय फ्रेंचमधील ‘द’शी जुळते. मराठी मनुष्य मात्र एखाद्यावर भाळतो, तसाच एखाद्यावर फिदा होतो. ‘इष्कबाजी’त निंदेची छटा आली, हे ‘अमूर’शी असलेले साम्यही लक्षणीय होय.

शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’चा रोख दरबारी शब्दांवर होता. विसाव्या शतकात हा वाद साहित्यात शिरला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकविणारे माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांच्या कार्यात त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये आणि ‘गज्जलांजलि’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९३८ मध्ये त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. तथापि शुद्धीच्या या पुरस्कर्त्यानेही त्या काव्यप्रकाराचे मूळ नाव टाकले नव्हते. ‘ज’चे द्वित्व करून त्याने ते मराठी उच्चारास सोयीचे केले होते.

दरबारी शब्दास पर्याय देता येतो, कारण तेथे अर्थ पोहोचला की कार्य संपते. ‘फिदा’च्या जागी ‘अनुरक्त’ घातल्यास अर्थ राहतो, परंतु बोलणाऱ्याचा मोकळेपणा हरवतो. उसन्या शब्दाची शुद्धाशुद्धता ठरविण्यापूर्वी त्याने भाषेत कोणती जागा भरली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.