माहीमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं चार रुग्णांचं पत्र

टीबीची बातमी म्हणजे आपल्या पेपरात 24 मार्चचा एक फोटो आणि रॅली. मीही वर्षानुवर्षं तेवढंच छापत आलो. पण या आजाराचा अलीकडचा इतिहास मुंबईतच घडलाय आणि तो वाचण्यासारखा आहे.

माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया. घोरणं आणि झोपेतला श्वास यावरही त्यांचं संशोधन आहे, पण नाव गाजलं टीबीमुळे. हॉस्पिटलपासून धारावी जवळच. तिथे 1990 च्या सुमारास डॉ. मुकुंद उपळेकरांनी पाहणी केली होती. टीबीच्या एकाच आजारावर 100 खासगी डॉक्टरांनी 80 वेगवेगळे औषधोपचार लिहून दिले! वीस वर्षांनी उदवाडिया, उपळेकर आणि सहकाऱ्यांनी त्याच भागात पुन्हा विचारलं. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आला: 106 डॉक्टर, 63 प्रकारचे उपचार, बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची.

याचा परिणाम काय होतो? गोळ्या लागू पडेनात की डॉक्टर एक नवी गोळी वाढवतो. जंतू तिलाही सरावतो. मग रुग्ण डॉक्टर बदलतो, तिथे आणखी एक गोळी. असं करत एकेक औषध हातचं जातं.

डिसेंबर 2011 मध्ये उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छोटं पत्र लिहिलं. चार रुग्ण, तपासलेलं एकही औषध चालत नाही. त्यातल्या तिघांनी दीड वर्षात सरासरी चार-चार खासगी डॉक्टर केले होते. इराण आणि इटलीतून असे रुग्ण आधी नोंदले गेले होते, भारतातून हे पहिले. दिल्लीत खळबळ उडाली. आरोग्य खात्याने आधी 'संपूर्ण औषधरोधी' या शब्दालाच हरकत घेतली, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो नाही. व्याख्येत नसला तरी रुग्ण तर वॉर्डात होते ना?

मे 2012 मध्ये केंद्राने टीबीची नोंद सक्तीची केली, खासगी डॉक्टरांनाही. 'निक्षय'वर रुग्णाचा नंबर पडतो तो यामुळेच. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना 1000 रुपयेही खात्यात येतात. तुमच्या ओळखीत कुणाचे खासगीत उपचार चालू असतील तर एवढंच विचारा, नंबर मिळाला का?