चोखोबाच्या घरची गाणी

सणावारी आपल्याकडे मेहूण जेवायला बोलावण्याची रीत आहे. नवराबायकोला शेजारी शेजारी पाटावर बसवायचे, पानाभोवती रांगोळी काढायची, दोघांच्या हाती विडा-दक्षिणा ठेवायची आणि त्यांच्या रूपाने लक्ष्मीनारायणच जेवून गेले असे समाधान मानायचे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात असे एक मेहूण नांदत होते, की ज्याला गावातल्या कोणत्याही पंक्तीत पाट मिळण्यासारखा नव्हता. पंक्ती उठल्यावर उरलेसुरले अन्न तेवढे त्यांच्या पदरात पडे. चोखामेळा आणि त्याची बायको सोयराबाई यांची ही गोष्ट.

हल्ली शहरांतून घरगुती मैफिलींची हौस वाढली आहे. कोणाच्या तरी दिवाणखान्यात सतरंजी पसरायची, तीस-चाळीस मंडळी जमवायची आणि नवराबायकोने आपणच रचलेली, आपणच चाल लावलेली गाणी म्हणायची. ऐकायला गोड वाटते. ही टूम नवी, असे म्हणणारे भेटतात तेव्हा मला मंगळवेढ्याची आठवण होते. फरक एवढाच की तिथे दिवाणखाना नव्हता, आणि घरात गाणे ही हौस नव्हती. देवळाचे दार बंद होते, म्हणून घर होते.

सोलापूरहून पश्चिमेकडे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मंगळवेढे लागते. काळ्याभोर जमिनीचा मुलूख. इथली ज्वारी महाराष्ट्रभर वाखाणली जाते आणि २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाराव्या शतकात हे गाव कलचुरींच्या राजधानीचे होते. बिज्जलाच्या पदरी असलेले बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी इथेच राहिले. त्यांच्या शरणमंडळींत मारय्या आणि लक्कम्मा नावाचे एक जोडपे होते. सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारे हे दोघेही वचने रचीत. एके दिवशी मारय्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्माने त्याला खडसावले आणि जादा तांदूळ परत टाकून यायला लावले. बायकोने नवऱ्याला चार शब्द सुनवावेत आणि तेच पुढे वाङ्मय व्हावे, ही गोष्ट त्या मुलखाला अपरिचित नव्हती, एवढेच सांगायचे आहे. लक्कम्मा कानडीत बोलली, दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी सोयराबाई मराठीत बोलली.

चोखोबाचे घर म्हणजे एक गाणारे गोतच होते. चोखोबाची बहीण निर्मळा ही सोयराबाईच्या भावाला, म्हणजे बंकाला दिलेली. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. म्हणजे एका घरात नव्हे तर दोन घरांत मिळून दोन जोडपी, आणि चौघेही अभंग रचणारे. त्यांत चोखोबाचा मुलगा कर्ममेळा हा पाचवा. गाथेत चोखोबाचे अभंग साडेतीनशेच्या घरात आहेत, सोयराबाईचे साठाच्या वर, बंकाचे चाळीसच्या आसपास, निर्मळेचे आणि कर्ममेळ्याचे पंचवीस-पंचवीस धरावेत. या मंडळींनी ज्यांना गुरुस्थानी मानले त्या नामदेवांच्या घरीही हाच प्रकार होता. आई गोणाई, बायको राजाई, दासी जनी, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. पण नामदेव शिंपी होते, त्यांना राऊळात जाऊन देवापुढे नाचता येत होते. चोखोबाला महाद्वाराच्या अलीकडेच थांबावे लागे.

चोखोबाने रचनेसाठी साधने कोठून घेतली हे पाहण्यासारखे आहे. अभंग हा ओवीच्याच कुळातला, आणि ओवी तर दर पहाटे जात्यावर होतीच. त्याखेरीज गावकीचे काम करताना जी आरोळी द्यावी लागे, मालकापुढे वाकून जो जोहार घालावा लागे, तोच त्याने उचलला आणि देवापुढे नेला. चाकराने धन्याला हिशेब द्यावा तसे हे जोहार आहेत. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी तोच साचा भारुडांत वापरून गावोगाव पोचवला. ज्या शब्दाने मान खाली घालायची त्याच शब्दाला चाल लावून तो गायचा, हे धाडस मूळचे मंगळवेढ्याचे. या अभंगांचा लेखक अनंतभट्ट नावाचा ब्राह्मण होता असे परंपरा सांगते. त्याचे घर कोठे, त्याला गावाने काय म्हटले असेल, हे प्रश्न मनात येतातच. असो.

आता सोयराबाईकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. संतांच्या बायका म्हटल्या की आपल्याला तुकोबांची आवली आठवते. भांडणारी, संसार ओढणारी, पण अभंग न रचणारी. सोयराबाईने संसारही ओढला आणि अभंगही रचला, आणि एकाची तक्रार दुसऱ्यात नेऊन ठेवली. तिच्या गाण्यांत नुसते नामस्मरण नाही. त्यांत घरात लेकरू नाही म्हणून देवाला घातलेले साकडे आहे, दारिद्र्य आहे आणि नवऱ्यावरचा रागही आहे.

हा राग कशाचा? उतारवयात सोयराबाईला दिवस गेले. नऊ महिने भरत आले, घरात तूप-साखर तर सोडाच, साधे धान्यही पुरेसे नाही. आणि ऐन वेळी चोखोबा कोणाला न सांगता उठला आणि बहिणीच्या गावी, मेहुणपुरीला निघून गेला. (गावाच्या नावात मेहूण, आणि जोडीतला एक असा पळालेला!) संतचरित्रे लिहिणारे भाविक असतात, ते अशा वेळी नायकाची बाजू सावरून घेतात. पण या घरातल्या बायकांनी ती सावरली नाही. भाऊ दारात आलेला पाहून निर्मळेने त्याला आधी बसायला पाट दिला असेल-नसेल, पण तिने त्याला विचारले काय ते तिच्या अभंगांत आहे. वहिनीला अशा अवस्थेत टाकून तू आलासच कसा? इतका थोर भक्त झालास आणि घरात काय चालले आहे ते कळेना? दर वर्षी भाऊबीजेला आपण बहिणींचे ओवाळून घेतो, तेव्हा बहिणीने असे कान उपटल्याचे हे जुने मराठी उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

इकडे सोयराबाई एकटी. तिच्या दाराशी निर्मळा आली, तिने पाणी तापवले, बाळंतपण केले, बाळाला न्हाऊमाखू घातले. ती निर्मळा नव्हती. विठ्ठलच नणंदेचे रूप घेऊन आला होता. सोयराबाईच्या अभंगांतच ही हकीगत आहे. चमत्कारावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यातली योजना महत्त्वाची वाटते. नवरा नव्हता, सुईण नव्हती, आणि ज्याच्या देवळाची पायरी चढायला आपल्याला बंदी, तो स्वतः घरात येऊन जे काम सर्वांत विटाळाचे मानले जाते नेमके तेच करून गेला. कोणत्याही शास्त्रार्थाने जे सिद्ध झाले नसते ते तिने एका बाळंतपणाच्या गोष्टीत सांगून टाकले.

विटाळ हा या घराचा जणू नित्याचा राग होता, आणि दोघांनी तो आपापल्या ढंगाने आळवला. चोखोबाचा अभंग तत्त्वज्ञाचा आहे. पाच भुते सगळीकडे सारखीच, मग एकाच्या देहातली सोवळी आणि दुसऱ्याच्या देहातली ओवळी कशी, असे तो विचारतो. मात्र काही ठिकाणी तो आपल्या जन्माचे खापर मागच्या जन्मीच्या कर्मावर फोडतो, आणि आजचा वाचक तिथे अडखळतो. सोयराबाई त्या वाटेला जात नाही. तिचा मुद्दा साधा आणि बाईच करू शकेल असा आहे. विटाळावाचून कोणता देह जन्माला आला ते दाखवा, असे ती म्हणते. ज्या रक्ताला तुम्ही अशुद्ध म्हणता त्यातूनच तुम्ही सगळे आलात, मग सोवळा उरला कोण? मराठीत बाळ जन्मल्यावर पाळायच्या अशौचाला सोयर म्हणतात. तिच्या नावातही तोच शब्द ऐकू येतो. नवऱ्याने पंचमहाभूतांपासून सुरुवात केली, बायकोने बाळंतिणीच्या खोलीपासून. दोघे शेवटी पोचले एकाच ठिकाणी, पण तिची वाट जवळची होती.

या घरी देव जेवायला आल्याची कथाही आहे. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ती येते. देवळातून हाकलला गेलेला चोखोबा चंद्रभागेच्या पलीकडे राहू लागला. विठ्ठल त्याच्याबरोबर जेवायला बसला, सोयराबाई वाढत होती. तिच्या हातून दही सांडले. ‘अगं, देवाच्या पितांबरावर सांडलेस की,’ असे काहीसे चोखोबा बोलला. शेजारून जाणाऱ्या ब्राह्मणाने ते ऐकले, आणि हा देवाला बाटवतो म्हणून चोखोबाच्या थोबाडीत मारली. तो देवळात जाऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला आणि पितांबरावर दही. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना आम्हा मुलांना सुजलेल्या गालाचे नवल वाटे. आता वाटते ते दह्याचे. घाईघाईने वाढणारी बाई, दह्याचा ओघळ, नवऱ्याचे चटकन लागलेले बोलणे. कोणत्याही घरातल्या दुपारचे चित्र आहे हे.

मुलगा कर्ममेळा मात्र आईबापांइतका सोशिक निघाला नाही. देवा, आम्हाला उष्टे का खायला लावलेस, तुला याची लाज वाटत नाही का, अशा धाटणीचे त्याचे बोल आहेत. आईच्या प्रश्नाला मुलाने धार लावली.

शेवट १३३८ सालचा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते, मजूर म्हणून चोखोबा तिथे राबत होता. भिंत कोसळली आणि पुष्कळ माणसे तिच्याखाली गाडली गेली. नामदेव आले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची, असे ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली, अशी कथा सांगतात. समाधी महाद्वारासमोर आहे. नामदेवांची पायरी तिथून जवळच. जिवंतपणी जिथवर येता आले तिथेच त्याला ठेवले. आत जायला आणखी सहाशे नऊ वर्षे लागली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले, आणि देऊळ सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला.

सोयराबाईच्या वाट्याला अर्पणपत्रिका आली नाही. तिने अभंगाखाली स्वतःचे नावही बहुधा घातले नाही. ‘चोखियाची महारी’ ही तिची नाममुद्रा. नणंद निर्मळा उघड ‘निर्मळा’ म्हणून सही करते, भावजय नवऱ्याच्या आणि जातीच्या नावामागे उभी राहते. काहींना यात नम्रता दिसते. मला ते इतके सरळ वाटत नाही. ज्या दोन गोष्टींवरून जग तिला ओळखत होते आणि अडवत होते त्या तिने लपवल्या नाहीत, देहाच्या सोवळ्याओवळ्यावरचा आपला प्रश्न संपवताना त्या मुद्दाम शेवटी ठेवल्या. ऐकणाऱ्याने प्रश्न मान्य करावा आणि मग तो कोणी विचारला हे त्याला कळावे, अशी ही मांडणी आहे.

किशोरी आमोणकरांनी गायिलेला ‘अवघा रंग एक झाला’ घरोघर वाजतो. पुष्कळांना तो चोखोबाचा वाटतो, काहींना तुकोबांचा. तो सोयराबाईचा आहे. गावात ज्या बाईची सावली चालत नव्हती तिचे शब्द ऐकायला माणसे रांग लावून तिकिटे काढतात, मोठ्या नाट्यगृहात दिवे मंद होतात, तंबोरे लागतात. आणि गाणे संपत आले की, गाणारी कोणत्याही घरातली असो, शेवटच्या चरणात तिला ती सही उच्चारावीच लागते.