रिॲक्टमधील स्थिर प्रकारतपासणी
रिॲक्टमधील स्थिर प्रकारतपासणी म्हणजे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतील कंपोनंटना दिल्या जाणाऱ्या मूल्यांचा प्रकार प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तपासण्याची पद्धत होय. या मूल्यांना 'प्रॉप्स' म्हणतात. तपासणीसाठी प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली टाइपस्क्रिप्ट ही भाषा वापरली जाते. उदा., 'किंमत' हा प्रॉप संख्या म्हणून घोषित केला असताना तेथे मजकूर दिल्यास कंपायलर त्रुटी दाखवतो. पूर्वी अशी तपासणी 'प्रॉपटाइप्स'द्वारे प्रोग्रॅम चालू असताना होत असे. रिॲक्टच्या १९व्या आवृत्तीत (२०२४) ती काढून टाकण्यात आली. मात्र टाइपस्क्रिप्टमधील प्रकारांची माहिती जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना पुसली जाते. त्यामुळे सर्व्हरकडून चुकीच्या प्रकारचे मूल्य आल्यास ते आपोआप ओळखले जात नाही. त्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.