खोटी चिठ्ठी, खरा रानपिंगळा

आम्हां नांदगाव पेठेच्या लोकांस पिंगळ्याचें नवल नाहीं. तिन्हीसांजेस त्याचा कलकलाट घरोघर ऐकूं येतो. परंतु उत्तरेस मेळघाटांत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदाची, रानपिंगळ्याची, कथा निराळी आहे.

ॲलन ह्यूम यांनीं १८७३ सालीं या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. उरला एकच दाखला: तापीकांठच्या मांडवी येथें १९१४ सालीं आपण मारला, असें कर्नल माइनर्ट्झहागेन यांनीं सांगितलेला नमुना. त्याच्या चिठ्ठीवर विश्वासून शोधक मांडवीस जात व रित्या हातांनीं परत येत.

पामेला रासमुसेन यांनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां तो डेव्हिडसन यांचाच निघाला. ब्रिटिश संग्रहालयांतून चोरून, पुन्हां भरून, त्यास नवी चिठ्ठी लाविली होती! ती नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणीं शोध सुरू झाला. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्यानजीक रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांस जिवंत रानपिंगळा दिसला. एकशें तेरा वर्षांचा अज्ञातवास संपला. मागाहून तो आमच्या मेळघाटांतहि आढळला.

इतिहासाच्या अभ्यासकानें ही गोष्ट ध्यानीं धरावी. जेथें कागदच नाहीं, तेथें मनुष्य चारी दिशा धुंडाळतो. खोटा कागद मात्र त्यास एकाच चुकीच्या वाटेवर खिळवून ठेवितो. आपल्या घरच्या बखरी व वंशावळी वाचतांनाहि आम्हीं प्रथम चिठ्ठी तपासावी, हें बरें.