खुनाला बेत लागतो का?

‘खून’ फारसीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ रक्त. बेताचा वासही त्यात नाही. म्हणूनच ‘पूर्वनियोजित नव्हता, मग खून कसला?’ हा युक्तिवाद मला घातक वाटतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०० ला (आता न्याय संहितेचे १०१) जीव घेण्याचा हेतू पुरतो, आणि हेतू क्षणातही जन्मतो. मग याच कलमाच्या अपवादात ‘पूर्वनियोजनाशिवाय’ हे शब्द कशाला, असे कुणी विचारेल. पण तिथे तेवढ्याने भागत नाही; झुंज अचानक जुंपलेली हवी, गैरफायदा वा क्रौर्य नको. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा अपवाद वेगळा. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात या अपवादासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली घड्याळ पाहिले: आरोपीने घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास. राग निवायला ते पुरेसे ठरले.